सुईणीची सून

मी आशाताई झाले त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. कप तसाच ओट्यावर मागे सरकवला आणि म्हणाल्या, "सरकारी चहा असंल. आमाला पचायचा न्हाई." नवरा हसला. मी हसू दाबलं. पण त्यांना लागलं होतं, आणि का लागलं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

माझी सासू गावची सुईण. मळवली स्टेशनवरून भाताच्या खाचरांमधून अर्धा तास चाललं की आमचं गाव येतं. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. पण सासूबाईंना वरची आळी, खालची आळी असं काही नव्हतं. कुठल्याही घरी पोरीच्या पोटात कळ आली की निरोप आमच्याच दारात यायचा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ज्या घरांत त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्याच घरांतली नातवंडं सगळ्यांत आधी त्यांच्या हातात पडली. हे सांगताना त्या खूप हसायच्या. "पानी वरनं, पन लेकरू माज्या हातात! लेकराला कोन सांगनार शिवू नको म्हनून?"

मी लग्न होऊन आले तोवर बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली होती. सासूबाईंचं काम उरलं होतं ते बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं. तेवढ्यात त्यांचा मान टिकून होता. आणि आता घरातलीच सून बारावी पास म्हणून गावाची आशा स्वयंसेविका झाली, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, आणि बायका तिला विचारायला येऊ लागल्या. चहा परत गेला त्यात नवल नव्हतं.

आमचं प्रशिक्षण लोणावळ्याला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मावळातल्या गावागावांतून आम्ही वीसेक बायका आलो होतो. कुणी भातलावणी अर्धी टाकून आलेली, कुणी बंगल्यावरचं झाडलोटीचं काम शेजारणीवर सोपवून. शिकवायला एक सिस्टर होत्या. निवृत्तीला आलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज असा की मागच्या बाकावरची बाई जांभई देता देता तोंड मिटून घ्यायची. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला फक्त हात धुवायला शिकवलं. दुपारपर्यंत नुसते हात. आमच्यातली एक म्हणाली, "सिस्टर, लग्नात हळदीलासुदिक एवढं चोळत न्हाईत." सिस्टर म्हणाल्या, "हळद न लावता लग्न होतं. हात न धुता बाळ जगेलच असं नाही. पुन्हा धू."

मग बाळाला गुंडाळायचं कसं, झोळीच्या काट्यावर वजन करायचं कसं, पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून श्वास मोजायचे कसे, हे सगळं एका कापडी बाहुलीवर झालं. बाहुली श्वास घेत नव्हती म्हणून सिस्टरांनी जवळच्याच एका बाळंतिणीला विनंती करून तिचं बाळ आणवलं. आम्ही वीस जणी त्या एवढ्याशा पोटाकडे डोळे लावून ओठांतल्या ओठांत मोजत बसलो. बाळ झोपेत मध्येच हसलं. आमच्यापैकी निम्म्या मोजणं विसरल्या.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी आम्हाला नाटकं करायला लावली. एक जण आशा, एक जण बाळंतीण, एक जण सासू. आशाने सासूला समजवायचं की बाळाला गुळाचं पाणी देऊ नका, पहिलं दूध पाजा, लगेच न्हाऊ घालू नका. मला सासूचं काम आलं. मी काही ठरवलं नव्हतं. पदर खोचला, जमिनीवर पाय लांब करून बसले आणि तोंडातून आपोआप यायला लागलं.

"आगं ये बाई, तुजं दूधदात पडायच्या आदी म्या नाळी कापायला लागले. आन् तू मला शिकीवतीस? मला? त्या पिशवीत काय हाय गं तुज्या? अक्कल भरून दिलीया का सरकारनं?"

समोर आशाचं काम करणारी बिचारी वाक्य विसरली. हॉलमध्ये हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. सिस्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ही बाई तू मनानं केलेली नाहीस. ही कुठंतरी खरी आहे."

"माझ्या घरीच आहे," मी म्हटलं.

"मग उद्या घेऊन ये तिला."

मला वाटलं, सासूबाई येणार नाहीत. पण "मोठ्या सिस्टरनी बोलावलंय" म्हटल्यावर त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. सकाळच्या लोकलमध्ये खिडकीला बसल्या, लोणावळा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या आणि हॉलच्या दारात चप्पल काढून सिस्टरांना "जयभीम" म्हणाल्या. सिस्टरांनीही हात जोडले आणि त्यांना खुर्ची दिली. सासूबाईंनी खुर्ची नाकारली आणि सतरंजीवर, बरोबर मध्ये, बैठक मारली.

सिस्टरांनी बाहुली उचलून बाळ कसं घ्यायचं ते दाखवायला सुरुवात केली. दोन मिनिटं सासूबाईंनी पाहिलं. मग उठल्याच. "दे बगू हिकडं. मान आशी धरत्यात व्हय? खालनं पंजा असा पसरायचा, आंगठा कानामागं. बोटांनी न्हाई धरायचं, बोटांनी पेरू धरत्यात." सिस्टरांनी निरखून पाहिलं. म्हणाल्या, "बरोबर आहे. मावशी, या सगळ्यांना दाखवा." आणि माझ्या सासूने वीस जणींच्या हातातून ती बाहुली फिरवली, एकेकीचा पंजा धरून सरळ केला. मला सगळ्यांत शेवटी. माझा हात त्यांनी जरा जास्तच जोरात दाबला.

पहिल्या दुधाची गोष्ट निघाली तेव्हा तर दोघींचं एकदम जुळलं. सिस्टर म्हणाल्या, बायका अजून चीक पिळून टाकतात. सासूबाई भडकल्या. "गायीच्या वासराला पयला चीक पाजत्यात, उरला तर त्याचा खरवस करून सोता खात्यात, आन् सोताच्या लेकराला गुळाचं पानी! म्या कवापासून सांगतीया." त्यानंतर आजवर मी हे वाक्य किती घरांत वापरलं असेल! त्याच्यापुढे आमच्या तक्त्यावरचं एकही चित्र टिकत नाही.

पण मग न्हाणं आलं. सिस्टर म्हणाल्या, कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत न्हाऊ घालायचं नाही, तेल चोळायचं नाही, नुसतं कोमट फडक्याने पुसायचं. बाळ गार पडतं. सासूबाईंचा चेहरा बदलला. "मंग सुईनीनं काय निसती पाळन्याची दोरी वडायची?" त्यांनी पदर सावरला, चप्पल घातली आणि निघाल्या. मी मागे धावले.  परतीच्या गाडीतून मळवलीच्या फलाटावर उतरल्यावर त्या म्हणाल्या, "बाई हुशार हाय. पन तिनं कवा लेकरू न्हानलेलं दिसत न्हाई."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी वरच्या आळीतल्या एका शेतकरी घरात पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिचे वडील म्हणजे गावचे आबा. बैलगाडा शर्यतीचे नादी. अंगणात दोन खोंडं, मिशीला पीळ, आणि आवाज असा की ते खाचरात बैलाला हाक मारायचे आणि एक्स्प्रेसवेच्या पलीकडचे बैल वळून बघायचे, असं गावात म्हणत. मुलगी मात्र अगदी मऊ बोलणारी. तिला आठव्या महिन्यातच कळा आल्या. दवाखान्यात नीट बाळंत झाली. मुलगी झाली, पण वजन दोन किलोला थोडं कमी. आठवडाभर ठेवून घेतलं, बाळ चोखायला लागलं, तब्येत स्थिर झाली, तेव्हा सगळ्या सूचना देऊन घरी सोडलं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले. परड्यात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. न्हाणीच्या दगडाशी माझी सासू बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय लांब सोडलेले, शेजारी तेलाची वाटी, घंगाळात वाफाळतं पाणी. आणि बाळाची आजी ते एवढंसं गाठोडं त्यांच्या पायांवर ठेवायला वाकलेली.

माझ्या तोंडून एकदम निघालं, "आत्या, थांबा!" सासूला आम्ही आत्याच म्हणतो. पण त्या हाकेतला तो स्वर मी घरात कधी काढला नव्हता.  शेजारच्या दोन बायका कुंपणाला येऊन टेकल्या. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काय झालं?"

सिस्टरांनी शिकवलेलं सगळं एका दमात बोलून टाकावंसं वाटत होतं.  पण मी एवढंच म्हटलं, "आत्या, तुमच्याच हातानं बघा. पाय बघा तिचे."

बाळाची आजी वैतागली. "आगं, पानी निवाया लागलंय. लेकराला आठ दिस आंगूळ न्हाई. वास मारतोय दवाखान्याचा."

सासूबाईंनी बाळ घेतलं. दुपटं जरासं उघडलं. उजव्या हाताची पाठ बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायाला. पुन्हा पोटाला, पुन्हा तळपायाला. त्यांचे डोळे मिटले होते. मला वाटतं, तेवढा वेळ आमच्या गावात कोंबडंसुद्धा ओरडलं नाही. मग त्यांनी दुपटं घट्ट बंद केलं आणि उठल्या.

"ह्ये पानी पोरीला घाला," त्या म्हणाल्या. "बाळंतीन न्हाऊंद्या. लेकरू आज न्हायचं न्हाई."

"मंग कवा?" आजीने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "ही सांगंल तवा."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात धुतले.

बाळाला फडक्याने पुसलं. टोपडं, मोजे, लंगोट एवढंच ठेवून आईच्या छातीवर उभं धरलं आणि वरून मऊ लुगड्याने दोघींना एकत्र बांधलं. दवाखान्यात तिला शिकवलं होतं, पण घरी चार माणसांत ती लाजत होती. कातडीला कातडी लागली की बाळ आईची ऊब घेतं, एवढंच मी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी पिल्लाला धरती तसं. त्यात लाजायचं काय?" आजीला ते लगेच पटलं. थोड्या वेळाने मी तळपाय पाहिले तेव्हा ते कोमट झाले होते.

घरी परत येताना ओढ्याजवळ सासूबाई दगडावर टेकल्या. मला म्हणाल्या, "बस." मी बसले. त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं की माझ्या नवऱ्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. अशीच अपुऱ्या दिवसांची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सासूने न्हाऊ घातलं. संध्याकाळपर्यंत ती गार पडत गेली. "मला वाटायचं, माजंच काय चुकलं. दूध कमी पडलं आसंल. नजर लागली आसंल." त्यांनी ओढ्यात एक खडा टाकला. "तुजी सिस्टर त्या दिशी बोलली तवाच कळलं व्हतं मला. म्हनून उटून आले. राग न्हवता आला. पन मन मानत न्हवतं, म्हनून आज न्हानीशी जाऊन बसले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. एवढ्या वर्षांत तसं पहिल्यांदाच घडलं. त्या दिवशी संध्याकाळी चहा त्यांनीच केला, साखर दुप्पट घालून.

आता अडचण अशी की बाळाला दिवसाचा बराचसा वेळ असं छातीला धरून ठेवायचं होतं, आणि आईची पाठ भरून यायची. आजीला दम्याचा त्रास, ती टेकून बसू शकत नव्हती. बाळाचा बाप चाकणच्या कारखान्यात, महिन्याकाठी एखाद्या सुट्टीला यायचा. मी म्हटलं, "घरातलं कुणीही निरोगी माणूस चालतं. बाप्यासुद्धा."

ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी ऐकलं आणि इकडेतिकडे पाहिलं. बाप्या एकच होता.

"म्या?" आबा म्हणाले. "आगं, माजी छाती म्हंजे निवडुंगाचं कुंपान."

सासूबाई म्हणाल्या, "आबा, तुमाला म्या न्हाई काढलं बाहीर, पन तुमच्या धाकल्या भावाला म्या काढलंय. लाजू नगा. आंगूळ करून या आन् शर्टाची बटनं सोडा."

आबा साबण लावून अंघोळ करून आले. खांबाला टेकून बसले. आम्ही बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं आणि त्यांच्याच शर्यतीतल्या फेट्याने बांधलं. बाळाने एकदा तोंड वाकडं केलं, गाल त्या पांढऱ्या केसांवर घासला आणि झोपलं. आबांनी श्वास रोखला होता. "श्वास घ्या आबा," मी म्हटलं. "तिला तुमच्या श्वासाची सोबत पाहिजे." त्यांनी जपून श्वास सोडला आणि कुजबुजले, "काळीज वाजतंय गं हिचं. चिमनीवानी."

मग आमच्या गावाने एक अजब महिना पाहिला. आबांना ओरडता येईना. खोंड दावं तोडून शेजारच्या वाफ्यात शिरला, आबा ओसरीवरून हातवारे करून कुजबुजत शिव्या देत होते आणि खोंड शांतपणे कोथिंबीर खात होता. बांधाचं भांडण घेऊन दोन भाऊ न्यायनिवाड्याला आले. आबांनी ओठावर बोट ठेवलं. भांडणारे दोघेही कुजबुजत भांडायला लागले आणि पाच मिनिटांत स्वतःच हसून उठून गेले. बायका मुद्दाम पाणवठ्याचा रस्ता सोडून त्यांच्या ओसरीवरून जायच्या. पहिले दोन दिवस आबा शर्ट ओढून घेत, नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच पदर बाजूला करावा तसा फेटा बाजूला करून बाळाचं नाक दाखवू लागले.

मी दर दोन दिवसांनी वजन करत होते. झोळी काट्याला अडकवली की घरातले सगळे भोवती उभे. वजन आधी जरा उतरलं, मग तिथेच अडलं, मग हळूच सरकायला लागलं. सरकलेला काटा बघून आजी प्रत्येक वेळी काट्यालाच नमस्कार करायची.

असं सगळं नीट चाललेलं असताना एका रविवारी दुपारी आबांचा निरोप आला, ताबडतोब या. मी आणि सासूबाई दोघीही गेलो. बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं. वाटीचमच्याने पाजलेलंही तोंडातून बाहेर येत होतं. हाक मारली, तळव्याला टिचकी मारली, तरी डोळे उघडेना. छातीवर असूनही अंग गार वाटत होतं. आणि आत तिची आई गोधडीत कुडकुडत होती, तिलाही ताप भरला होता. धोक्याची लक्षणं आम्हाला पाठ करायला लावली होती. त्यातली इथे एकाच घरात, एकाच वेळी, आईची आणि बाळाची दोघींचीही दिसत होती. मला सिस्टरांचं वाक्य आठवलं: अशा वेळी विचार करू नका, निघा.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी निघाली होती, पण पावसाळी रविवार. धबधबे बघायला आलेल्या गाड्यांची रांग लोणावळ्यापासून थेट खाली लागली होती. ड्रायव्हरच म्हणाला, "ताई, मी हलतच नाहीये. तास लागेल, दोनसुद्धा लागतील." मी सिस्टरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "मळवलीवरून गाडी कधी आहे?"

माझ्या मनात ते आलंच नव्हतं. लोणावळा पुढचंच स्टेशन. गाड्यांची रांग रुळांवर थोडीच लागते!

"पंचवीस मिनिटांनी," आबा आतून कुजबुजले. त्यांना सगळ्या गाड्या तोंडपाठ.

"मग निघा," सिस्टर म्हणाल्या. "बाळ छातीवरून काढू नका. मी दवाखान्यात सांगून ठेवते."

माझ्या नवऱ्याने आबांच्या लेकीला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून आजीने धरलं. शेजाऱ्यांनी आबांना आपल्या टेम्पोत पुढे बसवलं. सासूबाई आणि मी मागे हौद्यात उभ्या राहिलो. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी दिसत होती. आम्ही मिळेल त्या डब्यात चढलो.

डब्यात शहरातली पोरंपोरी भरलेली. भाजे लेणी बघून आलेली, ओलीचिंब, हातात मक्याची कणसं. आबा फेट्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभे. एका मुलीने हसून विचारलं, "आजोबा, आत काय आहे? कुत्र्याचं पिल्लू?"

आबा तिच्याकडे बघून म्हणाले, "नात हाय माजी. आजारी हाय."

 पाच-सहा जण उठले, आबांना आणि त्यांच्या लेकीला बसायला जागा झाली. कुणी गार वारा लागू नये म्हणून खिडकी बंद केली, कुणी कोरडं जॅकेट काढून लेकीच्या अंगावर टाकलं. सासूबाई आबांसमोर उकिडव्या बसल्या, एक हात फेट्याच्या आत घालून. लोणावळा येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. मी श्वास मोजत होते. एक स्टेशनाचं अंतर, पण मला ते अजून आठवतं तेव्हा खूप लांब वाटतं. उतरताना त्याच पोरांनी पुढे होऊन वाट करून दिली आणि एक जण धावत जाऊन रिक्षा घेऊन आला. रिक्षावाल्याने मोठा रस्ता टाळून गल्ल्यांमधून नेलं.

दवाखान्याच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. रविवार होता, सुट्टी होती, साडीवरच आल्या होत्या. डॉक्टरांनी बाळ फेट्यातून काढून घेतलं, तपासलं आणि आबांना म्हणाले, "आजोबा, हिला असं धरून आणलंत म्हणून ही जास्त गार पडली नाही. आता आमच्यावर सोडा." बाळाला आणि आईला दोघींनाही जंतुसंसर्ग होता. औषधं सुरू झाली. आबा बाहेर बाकावर बसले. रिकामा फेटा मांडीवर होता आणि हात तसेच छातीवर. ते कसे खाली घ्यायचे तेच त्यांना कळत नव्हतं.

सिस्टर सासूबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, पण एकदा सिस्टरांनी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवलेला पाहिला.

तिसऱ्या दिवशी बाळाने दूध ओढलं. परिचारिकेने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आबा उठून उभे राहिले आणि महिन्याभरात पहिल्यांदा पूर्ण आवाजात ओरडले, "व्हय?" सगळा वॉर्ड दचकला. एका खोलीतून तीन बाळं एकदम रडायला लागली. सिस्टर रागावण्याऐवजी म्हणाल्या, "बघा, सगळ्यांची फुप्फुसं ठणठणीत आहेत."

दोघी बऱ्या होऊन घरी आल्या. पुढे बाळाचं वजन भरलं आणि दवाखान्यातून होकार मिळाला, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आता न्हाऊ घाला." त्यांनी वारा लागू नये म्हणून सगळी दारं बंद करायला लावली, कोपराने पाणी तपासलं, मलाही तपासायला लावलं, आणि आधी हात धुतले. सिस्टरांनी शिकवलं तसेच, मनगटापर्यंत. बाळ आधी किंचाळलं, मग त्यांच्या पायांवर सैल पडून डोळे मिचकावत राहिलं. बाहेर आबा दारावर टकटक करत होते, "झालं का? गार लागंल तिला! झालं का?"

आता मी कुठेही गेले तरी सासूबाई बहुतेक वेळा बरोबर असतात. पिशवी माझ्या खांद्याला, पण घरात शिरताना त्या पुढे. सुना माझं ऐकतात आणि सासवा त्यांचं, त्यामुळे आमचं काम निम्म्या वेळात होतं. बेडशाकडच्या एका गावात एका आजीने मला ऐकवलं, "तुमी पुस्तकं वाचून सांगता." तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्या एक अक्षर वाचलं न्हाई. म्या सांगते, ऐक." आजीने ऐकलं. वाटेत त्या मला म्हणाल्या, "पन आता वाचायला शिकवशील का? त्या वजनाच्या वहीत काय लिवतीस ते कळाया पायजे." सध्या आम्ही अंकांपर्यंत आलो आहोत. सात त्या उलटा काढतात.

ती चिमुरडी आता अंगणवाडीत जाते आणि आजोळी आली की आजोबांच्या खांद्यावर बसून शर्यती बघते. तिची आई सासरी, पवनेच्या बाजूला असते. गेल्या महिन्यात मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा तिचा फोन आला. तिचं बोलणं अजून तसंच मऊ.

"ताई, तुमालाच पयलं सांगतेय. अजून ह्यांनापन बोलले न्हाई. एवढ्यात कुनाला सांगू नका हां."

मी वचन दिलं. नाव कधी नोंदवायचं, कोणत्या गोळ्या सुरू करायच्या, पहिल्या वेळी लवकर कळा आल्या होत्या हे तिकडच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, आणि तिकडच्या आशाला भेटायचं, हे सगळं हळू आवाजात सांगितलं. फोन ठेवला आणि पुन्हा सुपाकडे वळले. चेहरा अगदी साधा ठेवला होता.

सासूबाई चुलीशी होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"कुनाचा फोन व्हता?"

"कुणाचा नाही, आत्या. असाच."

त्यांनी भाकरी उलटली.

"कितवा महिना?" त्या म्हणाल्या.